हिरवा टिबा

१२ सप्टेंबर, सोमवार

काल सकाळी देवासमोर बसून दाणे मोजले. बारा निघाले. बाहेर येऊन तेरा सांगितले.

एवढंच लिहून वही मिटणार होतो. पण मग उद्या पुन्हा उघडावी लागेल. त्यापेक्षा आजच सगळं लिहून टाकतो.

आमच्याकडे रीत अशी. गावाचं काही अडलं की भोपा, म्हणजे पुजारी, गावदेव भोमियाजींच्या ठाण्यापुढे बसतो, डोळे मिटून ताटातल्या गव्हाची चिमूट उचलतो आणि दाणे मोजतो. जोडीने सुटले तर देवाचा होकार. एक उरला तर नकार. चिमूट एकदाच घ्यायची. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे देवाला खोटं पाडणं. बाबांनी हे काम चाळीस वर्षं केलं. मी एकोणीस वर्षं करतो आहे. बाबा म्हणायचे, "ताटात हात घालताना मनात काही असू नये, वीरमा." काल मनात होतं. तरी बाराच आले.

प्रश्न असा होता — राजधानीहून माथुरसाहेब आले आहेत, जाहिरात करणाऱ्या कंपनीचे. राज्याची नवी जाहिरात निघणार आहे, परदेशातही दाखवणार. त्यांना उंच, उघडा वाळूचा टिबा हवा. नुसती वाळू, वर आभाळ. आमच्याकडे असा उंच टिबा एकच, तो ओरणात. ओरण म्हणजे भोमियाजींचं राखीव रान. तिथे जनावराने चरावं, पण माणसाने वाळकी काडीसुद्धा उचलून चुलीत घालायची नाही. आणि यंदा पाऊस असा झाला आहे की टिब्यावर माथ्यापर्यंत सेवण गवत उभं आहे. साहेब म्हणाले, "दोन दिवस ट्रॅक्टर फिरवू, वरचं सगळं खरवडून काढू. पुढच्या पावसात पुन्हा येईलच की." ज्या गावात चित्रीकरण होईल त्या गावाला पर्यटनाचं गाव म्हणून मान्यता. पाहुण्यांसाठी झोपड्या, गावातल्याच लोकांना कामं.

गाव म्हणालं, भोपाजींनी दाणे बघावेत.

मी तेरा म्हटल्यावर सरपंच गुमानसिंहांनी जाजमावरून उठून धोतर झटकलं. "देवाने नाही म्हटलं तर नाही. विषय संपला." सगळ्यांनी माना हलवल्या. कुणालाच शंका आली नाही. का यावी? आजवर खोटं बोललो नव्हतो.

बायकांच्या घोळक्यात माझी मुलगी धापू उभी होती. वळून घराकडे चालू लागली.

१३ सप्टेंबर

बायकोने, हंजाने विचारलं, "घास गळ्याखाली उतरत नाही का?"

म्हटलं, ऊन लागलं.

"यंदा ऊन आहे कुठे?" म्हणाली, आणि ताटात आणखी बाजरीची राबडी ओतली.

१४ सप्टेंबर, बुधवार

माथुरसाहेब अजून गेलेले नाहीत. तालुक्याला खोली घेऊन राहिलेत. आज त्यांचा पहिला दिवस आठवून हसू आलं, म्हणून ते लिहितो.

सरपंचांकडे निरोप आला होता — पाहणीला माणसं येताहेत, गाव व्यवस्थित दिसू द्या. आता व्यवस्थित म्हणजे काय, हे गावाला ठाऊक आहेच. वरात यायची असली की करतो तेच केलं. झोपड्यांच्या गवती छपरांवर नवीन निळं प्लास्टिक ओढलं. पुरुषांनी पँट चढवल्या. सरपंचांनी आपल्या घरातला सोफा आणि उंच पंखा चौकात आणून मांडला. वीज नव्हती, तरी पंखा मांडला. थंड पेयाच्या बाटल्या मागवल्या.

साहेब गाडीतून उतरले. चहूकडे पाहिलं. "उंट कुठे आहेत?"

"काळजी नको हुकम," सरपंच म्हणाले, "सगळे पलीकडच्या तळ्यावर हाकललेत. वास येणार नाही."

"आणि तुमचे ते रंगीत फेटे?"

"पेटीत. जपून ठेवलेत. लग्नालाच काढतो आता."

साहेब सोफ्यावर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. आमच्या शेजारच्या भूरीकाकीला वाटलं, उन्हाने चक्कर आली. तिने बाटली बाजूला सारून त्यांच्या हातात ताकाचा गडवा दिला. "पी बाळा. हे शहरातलं रंगीत पाणी पिऊनच असं होतं."

त्या दिवशी कुणालाही वाईट वाटलं नाही, मलाही नाही. गावाने पाहुण्यासाठी जीव ओतला होता. त्याला काय हवं हे तेवढं कळलं नव्हतं.

१६ सप्टेंबर, शुक्रवार

साहेब दुपारी घरी आले. नाकाची साल निघालेली. हंजाने न विचारता त्यांच्या नाकावर दह्याची साय लावली. एवढा मोठा माणूस, पण लहान पोरासारखा मान वर करून बसला होता.

"भोपाजी, मी देवाच्या विरोधात नाही," म्हणाले. "माझी आई अजून रोज तुळशीला पाणी घालते. पण वरिष्ठांना वाळू हवी. तुमच्या टिब्याचा फोटो मी आहे तसा पाठवला होता त्यांना. उत्तर आलं, हे तर कुणाचंही शेत वाटतं. वाळवंट हिरवं दाखवलं तर लोक म्हणतात, फसवलं."

त्यांनी फोनवर जुनी जाहिरात दाखवली. मावळता सूर्य, सुरीच्या धारेसारखा वाळूचा कणा, त्यावर एक उंट आणि एक माणूस, दोघेही काळे. भूरीकाकी शेजारून ताक मागायला आली होती, तीही वाकून बघू लागली.

"हा कुठे चाललाय?"

"कुठे नाही, काकी. नुसतं चित्र आहे."

"नुसतं कसं? पाण्याची पखाल नाही, उंटावर ओझं नाही, झोपडी दिसत नाही. दिवस बुडायला आला." काकी खरोखर काळजीत पडली. "वाट चुकलाय बिचारा. याच्या घरचे शोधत असतील."

साहेब आधी हसले. मग फोन आपल्याकडे वळवून बराच वेळ ते चित्र बघत राहिले. "बारा वर्षं मी हेच विकतोय," म्हणाले. "हे कधी डोक्यात आलं नाही."

माणूस वाईट नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

१८ सप्टेंबर, रविवार

आज जावयाचा, मालारामचा फोन आला. धापूने अंगणात उभं राहून घेतला, म्हणजे तिथेच आवाज येतो. ऐकू नये म्हणून मी आमच्या उंटिणीच्या, सांडणीच्या मागे गेलो, तरी ऐकू आलंच.

धापूबद्दल लिहायला हवं. माझी तिसरी मुलगी. तिसऱ्यांदाही मुलगीच झाली तेव्हा माझ्या आईने नाव ठेवलं धापू — पोट भरलं, आता पुरे. थोरल्या दोघी लांब नांदतात. मुलगा नाही, म्हणून धापूसाठी घरजावई आणला. मालाराम उंटांतला माणूस. बसलेल्या उंटाकडे पाहून तो कुठल्या पायाने लंगडेल ते सांगायचा. चार कोरडी वर्षं गेली, कळप विकावा लागला, आणि तो सुरतेला कापड रंगवायच्या गिरणीत गेला. तीन वर्षं झाली. दिवाळीला येतो तेव्हा त्याच्या नखांत निळा रंग असतो. धापू ती नखं दगडाने घासते. निघत नाही.

गावाला मान्यता मिळाली तर पाहुण्यांची सगळी व्यवस्था धापूकडे येणार होती. बारावी झालेली गावात तीच. तालुक्याला पंधरा दिवसांचं शिक्षणही घेऊन आली. मग रोज सकाळी दूध काढता काढता सांडणीलाच म्हणायची, "आपलं आमच्या गावात स्वागत आहे. प्रवास सुखाचा झाला ना?" हंजा विचारायची, "आणि हसू आलं नाही तर?" "तरी हसायचं, आई. तसं शिकवलंय." उंटांचं काम मालाराम बघणार होता. नोकरी सोडतो म्हणून त्याने मुकादमाला सांगूनही ठेवलं होतं.

आज ती फोनवर म्हणाली, "नाही, देवाने नाही म्हटलं. तुम्ही मुकादमाशी बोला, जागा भरली नसेल तर..." मग, "मी कशाला रडू? जेवलात का?"

आता सकाळी दूध काढताना ती सांडणीशी काहीच बोलत नाही.

२० सप्टेंबर

पितृपक्ष चालू आहे. कावळ्याला घास ठेवला. लवकर शिवला. बाबा रागावलेले नसावेत, असं क्षणभर वाटलं. मग वाटलं, कावळ्याला काय, भूक लागली असेल.

२१ सप्टेंबर, बुधवार

सकाळी टिब्यावर जाऊन बसलो. खोटं का बोललो ते स्वतःला तरी नीट सांगता यावं म्हणून.

पहिले सात-आठ दिवस मनाला बजावत होतो — देवाच्या रानासाठी बोललो. पण देवाने तर होकार दिला होता. त्याचं रान, त्याची मर्जी. त्याला ट्रॅक्टर चालत असेल तर अडवणारा मी कोण?

खरं असं आहे. चौथ्या कोरड्या वर्षी मी याच टिब्यावर एका सांडणीला मरताना पाहिलं. मान लांब करून ती वाळूच चाटत होती. तेव्हा टिबा अगदी माथुरसाहेबांना हवा तसा होता. गुळगुळीत, सोनेरी, वर वाऱ्याच्या लाटा. कुणी फोटो काढला असता तर फार सुंदर आला असता. आणि यंदा आषाढात पाऊस पडून गेल्यावर पाचव्या दिवशी इथे आलो तर वाळूतून सुया वर आल्या होत्या. हिरव्या सुया. मी वहाणा काढून लांब ठेवल्या आणि गवत चुकवत, पाय शोधत शोधत माथ्यापर्यंत गेलो. तिथे बसून रडलो. हे मी हंजालाही सांगितलेलं नाही.

तेच गवत पाती लावून खरवडणार म्हटल्यावर माझ्या तोंडून तेरा निघालं. त्यात देव नव्हता. मला ते गवत आवडतं, बस. नकार माझा होता. मी तो भोमियाजींच्या नावावर खपवला आणि किंमत धापूकडून घेतली.

एवढं कळलं आणि खाली उतरलो. पुढे काय करायचं ते कळलं नाही.

२३ सप्टेंबर, शुक्रवार

साहेब दोन दिवस आसपासचे टिबे बघत फिरले. मी बरोबर होतो. वाट दाखवायला माणूस नको का. एक फार ठेंगणा. एकाच्या मागे विजेच्या तारा. एकावर पवनचक्की. शेवटी आमच्याच शेताच्या बांधावर थांबले.

"हा कुणाचा?"

"माझाच."

आमच्या शेताची मागची बाजू टिब्यावर चढते. ओरणातल्याइतका उंच नाही, पण पश्चिमेला मोकळा आहे. यंदा त्यावर बाजरी आहे. सहा वर्षांनी अशी बाजरी पाहतो आहे. हंजा आत शिरली तर तिची ओढणी दिसत नाही, नुसता आवाज येतो. पेरणी उशिरा झाली, त्यामुळे दाणा अजून दुधात आहे. तीन आठवडे तरी लागतील.

साहेबांनी हाताच्या बोटांची चौकट करून पाहिलं, मग हात खाली घेतले. "हा चालला असता. पण पीक उभं आहे. आणि मला पाच तारखेला सगळं आवरायचंय."

"कापल्या कापल्या लाटा उठायच्या नाहीत," मी म्हटलं. "रिकाम्या वाळूवर लाटा उमटवायला वाऱ्याला आठ दिवस लागतात."

"आठ दिवस?" त्यांना हे ठाऊक नव्हतं. वहीत लिहून घेतलं. मग म्हणाले, "सत्तावीसला दुसऱ्या जिल्ह्यात जातोय, भोपाजी. तिथे टिबा आहे, पण गाव असं नाही. तिथे नाकाला साय कोण लावणार?"

जाताना धापूला म्हणाले, "बेटी, तू चांगलं केलं असतंस." तिने शिकवल्याप्रमाणे हसून हात जोडले.

२४ सप्टेंबर, शनिवार

आज धापूला सांगितलं.

ती अंगणात शेण थापत होती. मी शेजारी उकिडवा बसलो आणि म्हणालो, "त्या दिवशी दाणे बारा होते."

हात थांबले. "बारा म्हणजे?"

"जोड. होकार."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. हातातला गोळा थापला, नीट गोल केला, बोटं उठवली. "मग तेरावा कुठून आला, बापू?"

"माझ्या तोंडातून."

"का?"

गवताचं सांगितलं. वहाणा काढल्याचंही. ती ऐकत होती. मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मला आधी सांगायचं होतंत," म्हणाली. "बापू, गवत खरवडू नका असं तुम्ही नुसतं म्हटलं असतंत तर मी ऐकलं असतं. भांडले असते, पण ऐकलं असतं. तुम्ही मला देवाशी भांडायला लावलंत. दहा-बारा दिवस मी ठाण्यावर दिवा लावलेला नाही. मनात भोमियाजींना काय काय बोलले ते सांगवत नाही. आणि त्यांनी तर हो म्हटलं होतं."

मी पाटीतलं शेण तिच्याकडे सरकवलं.

थोड्या वेळाने म्हणाली, "गावाला सांगणार?"

"हो."

"मग ते ओरणावर ट्रॅक्टर घालतील."

"घालतील."

"तुम्हाला सहन होईल?"

मी उठलो. तिनेही पुढची गोवरी थापली. आता बघतो तर त्या एकाच गोवरीवर पाचाऐवजी दहा बोटं उठली आहेत. दोन्ही हातांनी दाबली असावी.

२५ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री अमावास्या. बाबांच्या नावाने पान ठेवलं.

संध्याकाळी दिवेलागणीला हंजाला सगळं सांगितलं — झालं ते, आणि करायचं ठरवलं आहे तेही. ती भाकरी थापत होती. भाकरी करपली तरी तव्यावरून काढली नाही. मीच काढली.

माथुरसाहेबांना निरोप पाठवला — उद्या गावात या, गेल्याशिवाय जाऊ नका. 'आल्याशिवाय' लिहायचं होतं, घाईत चुकलं. पण त्यांना कळेल.

२६ सप्टेंबर, सोमवार

सकाळी जाजमावर सगळ्यांसमोर, माथुरसाहेबांसमोरही सांगितलं, दाणे बारा होते. भूरीकाकी म्हणाली, "माणूसच निघालास, वीरमा." सरपंचांनी विचारलं, "म्हणजे टिबा मोकळा?" म्हटलं, देवाकडून मोकळा, माझ्याकडून नाही. नकार माझा होता, तर टिबाही माझाच घ्या, शेतातला.

गव्हाचं ताट तिथेच ठेवून उठलो. पुढचा भोपा गाव ठरवेल.

तडक शेतावर गेलो. कुंपणाच्या तोंडावरचा काटेरी झापा एकट्याला उचलवत नाही. हाक कुणाला मारावी म्हणून वळलो तर मागे हंजा उभी. तिने दुसरं टोक धरलं.

गावची सगळी जनावरं बाजरीत आहेत. उद्यापर्यंत वाळू उघडी होईल, मग पाच तारखेपर्यंत आठ दिवस. वारा पश्चिमेचा सुटला आहे.